चाळीस जखमी आणि दोनच माणसं: ट्रायेज कुणी करायचा, आणि प्रशिक्षणाने नेमका कुठे फरक पडतो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका युवक मंडळाचा प्रश्न आहे. घाटात बस किंवा वऱ्हाडाचा टेम्पो पलटी होऊन एकदम तीस-चाळीस जण जखमी झाले, तर आधी कुणाला उचलायचं हे कुणी ठरवायचं? पोलिसाने, 108 च्या इएमटीने (रुग्णवाहिकेतल्या तातडीच्या उपचारांच्या तंत्रज्ञाने), की डॉक्टर येईपर्यंत थांबायचं? शिक्षण जितकं जास्त तितका निर्णय बिनचूक, असं धरून चालावं का?

डॉक्टरसाठी थांबू नका, हे सगळ्यात आधी. जागेवरची पहिली वर्गवारी, म्हणजे पहिला ट्रायेज, ठरलेल्या नियमाने चालतो आणि तो नियम ज्याला अगदी तोंडपाठ आहे असा कुणीही प्रशिक्षित माणूस तो करू शकतो. निरनिराळ्या देशांतल्या सराव-चाचण्यांत हे बरेचदा दिसलंय की नियम सोपा असेल आणि शिकून फार दिवस झाले नसतील, तर विद्यार्थी, अग्निशमन दलाचे जवान आणि अनुभवी पॅरामेडिक यांच्या अचूकतेत आपण समजतो तेवढं अंतर नसतं. फरक पडतो तो चुकांच्या प्रकारात. न शिकलेला माणूस एका तऱ्हेने चुकतो, थोडं शिकलेला दुसऱ्या तऱ्हेने आणि डॉक्टर तिसऱ्याच. कोण कुठे चुकणार हे ठाऊक असलं की कुणाला कुठे उभं करायचं ते ठरवता येतं.

आधी नियम पाहू. बऱ्याच देशांत वापरली जाते ती 'स्टार्ट' पद्धत. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचं अग्निशमन दल आणि तिथलं होग हॉस्पिटल यांनी ती 1983 मध्ये बसवली, तीही प्रथमोपचारापुरतं शिकलेल्या माणसाला झेपेल अशी. यात प्रत्येक जखमीला रंगीत फीत बांधतात: लाल म्हणजे सगळ्यात आधी, पिवळा त्यानंतर, हिरवा सगळ्यात शेवटी, आणि काळा म्हणजे वाट मोकळी करूनही श्वास नसलेला. सुरुवातीला मोठ्याने पुकारायचं: ज्यांना चालता येतंय त्यांनी इकडे या. जे उठून आले ते हिरवे. मग पडलेल्यांकडे वळायचं, जवळच्यापासून सुरुवात करायची आणि एकेकाला तीस ते साठ सेकंद द्यायचे. श्वास चालू आहे का? नसेल तर हनुवटी वर उचलून, तोंडात काही दिसत असेल ते काढून घशाची वाट मोकळी करायची. तरीही श्वास नाही, तर काळा. वाट मोकळी केल्यावर श्वास सुरू झाला, तर लाल. श्वास आहे पण मिनिटाला तीसच्या वर, तर लाल. तीस किंवा त्याखाली असेल तर मनगटाची नाडी बघायची. ती लागत नसेल तर लाल. लागत असेल तर एक साधी सूचना द्यायची: डोळे मिटा, हात दाबा. ती पाळली नाही तर लाल, पाळली तर पिवळा. माणूस लाल ठरला की त्याचं पुढचं काही तपासायचं नाही. फीत बांधायची आणि सरकायचं. या फेरीत उपचार दोनच करायचे, घशाची वाट मोकळी करणं आणि भळभळतं रक्त थांबवणं.

रक्त थांबवताना हातापायाला टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) लावायचं झालं तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि लावल्याची वेळ तिथेच मार्करने लिहायची. टूर्निके नसेल तर टॉवेलची घडी जखमेवर घट्ट दाबून धरायला शेजारच्या शुद्धीवरल्या माणसाला बसवायचं. सुतळी किंवा तार आवळू नका. ती कातडीत रुतते, नसा चिरडते आणि रक्त मात्र थांबत नाही.

हिशेब असा आहे. चाळीसपैकी वीस चालत बाजूला आले, तर उरलेल्या वीस जणांना प्रत्येकी पंचेचाळीस सेकंदांनी पंधरा मिनिटं लागतात. दोघांनी दोन टोकांकडून सुरुवात केली तर आठ मिनिटांत फेरी संपते. त्याच आठ मिनिटांत एकाच माणसाला सलाईन लावत बसलं तर उरलेल्या एकोणीस जणांत कोण गुदमरतोय हे कुणालाच कळत नाही.

आता चुकांकडे येऊ. अजिबात न शिकलेले लोक, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत हजर असणारे गावकरी, वडापवाले, ट्रॅक्टरवाले, जो ओरडतो त्याला आधी उचलतात. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. खरा धोका गप्प पडलेल्याला असतो. डोक्याची कातडी फाटली की चेहरा रक्ताने माखतो आणि दृश्य भयंकर दिसतं, पण पुष्कळदा हाच माणूस पिवळा किंवा हिरवा निघतो. दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना मिळेल त्या गाडीत घालून जवळच्या एकाच दवाखान्यात नेणं. बरे-चालते जखमी आधी पोचतात, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या खाटा आणि नर्स त्यांच्यात अडकतात आणि लाल रुग्ण येईपर्यंत जागा उरत नाही. गावकऱ्यांना दोष द्यायचा नाही. त्यांच्याशिवाय पहिली दहा मिनिटं कुणीच नसतं. त्यांना तीनच गोष्टी शिकवा: चालणाऱ्यांना बाजूला बसवा, गप्प माणसाची हनुवटी उचला, रक्त दाबून धरा. एवढ्याला एक तास पुरतो.

थोडं शिकलेले, म्हणजे एखादं शिबिर केलेले पोलिस, होमगार्ड, स्वयंसेवक, नवे इएमटी, यांची ठराविक चूक म्हणजे जास्तीचा लाल. शंका आली की लाल. त्याचं कारण भीती असतं, आणि बरेचदा मोजमापही. श्वास अंदाजाने मोजला जातो आणि घाबरलेल्या माणसाचा वेगाने हलणारा छातीचा भाता बघून 'तीसच्या वर' असं ठरवलं जातं. हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवा, घड्याळाकडे बघा, दहा सेकंद मोजा. सहा किंवा जास्त आले तर लाल, पाच किंवा कमी आले तर पुढची पायरी. नाडी बघताना अंगठा वापरला तर स्वतःचीच नाडी लागते, धावपळीत तर हमखास. दोन बोटं, अंगठ्याच्या मुळाखाली, पाच सेकंद. त्या हाताचं हाड मोडलं असेल तर दुसरा हात बघा. मूळ पद्धतीत नाडीऐवजी नख दाबून रंग दोन सेकंदांत परततो का ते बघायचे. पौषातल्या रात्री घाटात, मोबाइलच्या उजेडात गारठलेल्या बोटांवर ते कळत नाही आणि धडधाकट माणूसही लाल ठरतो. म्हणून मनगटाचीच नाडी धरावी.

आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात या मोजमापात आणखी एक घोटाळा आहे, तो भाषेचा. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात किंवा रामनगरच्या रस्त्यावर बसमध्ये मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारे एकत्र असतात. सौंदत्तीच्या यल्लमाला निघालेल्या गाड्यांत कोल्हापूरकडचे भाविक असतात. मराठी माणसाला कन्नडमध्ये 'कण्णु मुच्चरी' म्हटलं आणि तो नुसता बघत राहिला, तर नियमाप्रमाणे त्याने सूचना पाळली नाही, म्हणून तो लाल. मेंदूला काहीही झालेलं नसतं. यावर उपाय सोपा आहे. सूचना देताना स्वतः करून दाखवा: आपले डोळे मिटा, उघडा, मग त्याच्याकडे बोट करा. पहिली हाकही दोन्ही भाषांत द्या, 'चालता येतंय त्यांनी इकडे या' आणि लगेच 'नड्याक आगोरु ई कडे बर्री', आणि हाताने जागा दाखवा. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठीही तो हात उपयोगी पडतो.

108 चा इएमटी यापेक्षा पुढचा असतो. त्याने काही आठवड्यांचं तरी शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि रोज रुग्ण हाताळून त्याचा हात बसलेला असतो. पण त्याची रोजची सवय एका गाडीत एक रुग्ण अशी असते. गर्दीतल्या अपघातात ती सवय आड येते. पहिली गाडी पोचली की लोक स्ट्रेचरवर कुणाला तरी आणून ठेवतात आणि 'आधी ह्याला न्या' म्हणून गाडीला गराडा घालतात. पहिल्या गाडीने पहिला रुग्ण घेऊन निघून जाणं ही सगळ्यात महाग चूक आहे, कारण त्याबरोबर जागेवरचा एकमेव प्रशिक्षित माणूस जातो. पहिली गाडी हलत नाही. इएमटी फिती घेऊन फेरीला निघतो, पायलट, म्हणजे गाडीचा चालक, गाडीपाशी थांबून नियंत्रण कक्षाला कळवतो: ठिकाण, वाहनाचा प्रकार, अंदाजे जखमी, अडकलेले किती, डिझेल-गॅसचा धोका आहे का, गाड्या कुठल्या बाजूने येऊ शकतात. गर्दी आवरायचं काम पोलिसाचं. रोज इएमटी फोनवर डॉक्टरचा सल्ला घेतो, पण इथे प्रत्येक रुग्णासाठी फोन लावत बसला तर फेरी मोडते. फोन फेरीनंतर करायचा आणि एकदाच करायचा.

काळी फीत बांधताना इएमटीचा हात अडखळतो, हे समजण्यासारखं आहे. मृत घोषित करणं डॉक्टरचंच काम, हे त्याच्या मनात पक्कं असतं. पण काळी फीत म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. तिचा अर्थ एवढाच, की आत्ता हात कमी आहेत आणि घशाची वाट मोकळी करूनही श्वास आला नाही. फेरी संपल्यावर हात मोकळे झाले तर काळ्यांकडे पुन्हा जायचं असतं.

डॉक्टर आणि अतिदक्षता विभागातल्या कसलेल्या नर्स यांची चूक त्यांच्या गुणातूनच येते. त्यांना दिसतं जास्त, म्हणून ते थांबतात. पोट कडक लागलं, छातीचा एक भाग उलटा हलतोय, बाहुल्या लहान-मोठ्या आहेत. हे सगळं खरं असतं आणि उपचारही येत असतात, म्हणून ते तिथेच गुंततात. एका रुग्णाला पाच मिनिटं गेली की फेरी बसलीच. शिवाय नियमापेक्षा ते स्वतःच्या अंदाजावर विसंबतात. रोजच्या ओपीडीत तो अंदाज बरोबर ठरतो, पण अंधारात एकामागून एक वीस जण बघताना थकवा येतो आणि शेवटच्या पाच-सात रुग्णांना वेगळाच निकष लागतो. छाती दाबून हृदय सुरू करायचा प्रयत्न थांबवणं त्यांना सगळ्यात जड जातं, आणि ते शिकलेल्या प्रत्येकाला जातं.

जास्त लाल झाल्याने बिघडतं काय, असं वाटेल. खूप बिघडतं. अमेरिकेतले शल्यचिकित्सक एरिक फ्रायकबर्ग यांनी बॉम्बस्फोटांच्या घटना एकत्र करून 2002 मध्ये दाखवलं, की गंभीर नसलेल्यांना गंभीर ठरवण्याचं प्रमाण जसं वाढतं तसं खऱ्या गंभीर रुग्णांतलं मरणाचं प्रमाणही वाढतं. एकाच शस्त्रक्रियागृहासाठी चार जण रांगेत असले आणि त्यातले दोन खोटे लाल असले तर खऱ्याची पाळी उशिरा येते. कमी ठरवण्याची चूक तर उघडच जीवघेणी. म्हणून रोजच्या ट्रॉमा (गंभीर जखमींच्या) सेवेतही कमी ठरवण्याची चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे, आणि तेवढ्यासाठी थोडं जास्तीचं लाल चालवून घेतात.

माझं मत असं आहे: पहिली फेरी इएमटी किंवा प्रशिक्षित नर्सकडे, आणि डॉक्टर लाल रुग्णांच्या जागेवर. डॉक्टरच्या शिक्षणाचा खरा उपयोग दुसऱ्या फेरीत आहे, कारण स्टार्टचा नियम जिथे आंधळा आहे तिथे ज्ञानच लागतं. चालत आलेला, हिरवा, पण पोटावर सीटबेल्टचा किंवा स्टेअरिंगचा निळा वळ असलेला माणूस तासाभरात कोसळू शकतो. नाकातले केस जळलेला आणि आवाज घोगरा झालेला माणूस आत्ता बोलतोय, थोड्या वेळाने त्याचा घसा सुजून बंद होतो. गरोदर बाई, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आजोबा, यांना नियमात वेगळी जागा नाही. हिरव्यांच्या घोळक्याजवळही एक जाणता माणूस बसवा आणि दर पंधरा मिनिटांनी त्यांना पुन्हा बघा. तिथे सगळ्यात कच्चा माणूस बसवला जातो, आणि कमी ठरवण्याच्या चुका नेमक्या तिथेच दडून राहतात.

उसाच्या हंगामात याचं एक उदाहरण नेहमी डोळ्यांपुढे असतं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पलटी होतो आणि मोळ्यांच्या ढिगाखाली मजुराच्या मांड्या दबून राहतात. तो बोलतो, श्वास नीट, नाडी लागते, म्हणून पिवळा. तासाहून जास्त वेळ मांड्या दबून असतील आणि मोळ्या एकदम काढल्या, तर चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरून हृदय थांबू शकतं. दाब काढण्याआधी नॉर्मल सलाईन सुरू करायचं, प्रौढाला तासाला साधारण एक लिटर, आणि पोटॅशियम असलेलं रिंगर लॅक्टेट टाळायचं. हा निर्णय गावकऱ्याचा नाही, शिबिर केलेल्या स्वयंसेवकाचाही नाही. इथे वरच्या पातळीच्या प्रशिक्षणाला पर्याय नाही. गावकऱ्याने करायचं ते एवढंच, की किती वाजल्यापासून तो दबलाय हे इएमटीला सांगायचं.

लहान मुलांना मोठ्यांचा नियम लावू नका. साधारण एक ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जंपस्टार्ट' आहे. मूल श्वास घेत नसेल आणि घशाची वाट मोकळी करूनही श्वास आला नाही, पण नाडी आहे, तर पाच श्वास तोंडाने किंवा बॅगने द्यायचे. श्वास सुरू झाला तर लाल. मुलांत श्वास पंधराच्या खाली किंवा पंचेचाळीसच्या वर असेल तर लाल. पस्तीस श्वास घेणारं घाबरलेलं मूल मोठ्यांच्या नियमाने लाल ठरतं आणि मुलांच्या नियमाने पुढच्या पायरीवर जातं. अर्धवट शिकलेल्यांच्या हातून शाळेच्या गाडीच्या अपघातात हीच गफलत होते.

वीज पडली असेल तर सगळा क्रमच उलटा. वळवाच्या पावसात झाडाखाली थांबलेल्या मजुरांवर वीज पडते तेव्हा जो श्वास घेतोय तो बहुधा जगतो. जो निपचित पडलाय त्याचं हृदय पुन्हा सुरू होऊ शकतं, पण श्वास बंद राहतो. तिथे आधी निपचित पडलेल्याकडे जायचं, श्वास द्यायचा, छाती दाबायची. एरवीचा काळ्याचा नियम इथे लागू नाही.

सीमेमुळे आणखी एक प्रश्न येतो. कर्नाटकातल्या 108 गाडीत साधारणपणे इएमटी असतो, महाराष्ट्रातल्या 108 मध्ये डॉक्टर. निपाणीच्या पुढे किंवा चंदगड रस्त्यावर फोन ज्या बाजूच्या टॉवरला लागेल त्या राज्याच्या कक्षात जाऊ शकतो, आणि मोठ्या अपघाताला दोन्हीकडच्या गाड्या येतात. मग कर्नाटकचा इएमटी अर्धी फेरी करून बसलेला असताना महाराष्ट्राचा डॉक्टर येतो आणि पहिल्यापासून तपासायला लागतो. दोन निकष, दोन रंग, गोंधळ. हे आधीच ठरवून ठेवा: ज्याने फेरी सुरू केली तो ती संपवतो, आणि नंतर आलेला डॉक्टर लाल जागेचा प्रमुख होतो. फितीवर रंगाबरोबर मार्करने आकडा लिहा, लालला 1, पिवळ्याला 2, हिरव्याला 3, काळ्याला 0. रात्रीच्या पिवळट दिव्यात रंग फसवतो. आकडा दोन्ही भाषांच्या माणसांना वाचता येतो. फीत कपड्यांवर बांधू नका, दवाखान्यात कपडे कापले जातात. उजव्या मनगटावर बांधा, तो हात जखमी असेल तर डाव्या.

कुठे न्यायचं हेही त्याच आकड्याने ठरतं. खानापूरहून बेळगावचे सिव्हिल आणि केएलई हे दवाखाने पंचवीस-तीस किलोमीटरवर आहेत. निपाणीहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ पडतं आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. राज्य बदलतंय म्हणून उलट्या दिशेला लांब नेऊ नका. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी 2025 पासून देशभर लागू झालेल्या कॅशलेस योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार आहे, राज्याची अट नाही. मात्र पावसाळ्यात रस्त्याची खात्री करा. 2019 आणि 2021 च्या पुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली होती. तेव्हा जवळचा दवाखाना नकाशावरच जवळ होता.

मंडळाने सराव कसा करावा, हे शेवटचं. शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर राहतं, पण हातातली सफाई काही महिन्यांत ओसरते. वीस पुठ्ठ्यांचे तुकडे घ्या, प्रत्येकावर एक रुग्ण लिहा: चालतो की नाही, दहा सेकंदांत किती श्वास, नाडी लागते का, सूचना पाळतो का. पाच लाल, सहा पिवळे, आठ हिरवे, एक काळा. त्यात दोन मुलं घाला, एक भाषा न समजणारा घाला. हे तुकडे मैदानात पसरा, संध्याकाळी उजेड कमी असताना, आणि घड्याळ लावा. शेवटी दोन आकडे काढा. खऱ्या पाच लालपैकी किती सुटले? एक सुटला तर कमी ठरवण्याची चूक वीस टक्के. बांधलेल्या लाल फितींपैकी किती खोट्या? नऊ बांधल्या आणि चारच खऱ्या, तर पाच खोट्या, म्हणजे पंचावन्न टक्क्यांच्या वर. पहिल्यांदा असेच आकडे येतील, घाबरू नका. कुठल्या पायरीवर चूक झाली ते पुठ्ठ्यामागे लिहा. बहुतेकांचं श्वास मोजण्यातच चुकतं. दर तीन महिन्यांनी अर्धा तास हा सराव करा आणि निकालाची वही ठेवा. ज्याची शेवटची चाचणी सहा महिन्यांपूर्वीची आहे त्याच्या हातात फितींचा गुंडा देऊ नका. त्याला कुठली गाडी कितव्या आकड्याचा रुग्ण घेऊन कुठे गेली हे लिहायला बसवा.